दिल्ली ते कॅनबेरा: अंतर किती, विमानाला वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी दिल्ली ते कॅनबेरा हवाई अंतर किती आहे?

सुमारे १०,३५० किलोमीटर. मैलांत साधारण ६,४३० आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत ५,५९० च्या आसपास. पृथ्वीच्या गोलाव्यावरून काढलेलं हे सगळ्यांत कमी अंतर आहे. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरला, तर भारताची राजधानी आणि ऑस्ट्रेलियाची राजधानी एकमेकींपासून पाव घेराहून थोड्या जास्तच लांब आहेत.

मग विमानाला किती तास लागतात?

थेट विमान असतं तर बारा तासांच्या आत-बाहेर लागले असते. पण दिल्लीहून कॅनबेराला थेट विमान नाही. अनेक संकेतस्थळांवर "१२ तास २० मिनिटं" असा मिनिटापर्यंत नेमका आकडा दिसतो. तो कोणत्याही वेळापत्रकातून आलेला नसतो. अंतराला ताशी ८५०-९०० किलोमीटरने भागायचं, वर चढ-उताराचा अर्धा तास टाकायचा आणि उत्तर छापायचं, एवढाच तो उद्योग. गणित चुकीचं नाही, फक्त त्या विमानात कुणी बसू शकत नाही.

प्रत्यक्षात दिल्लीच्या विमानतळापासून कॅनबेरा शहरात पाय ठेवेपर्यंत १७ ते २४ तास धरा. कमी-जास्त होतं ते तुम्ही कुठे विमान बदलता आणि शेवटचा टप्पा कसा पार करता यावर. अंतर ठरलेलं आहे, वेळ मात्र तिकीट काढणाऱ्याच्या हातात आहे. म्हणून पुढची बरीचशी उत्तरं त्या शेवटच्या टप्प्याभोवतीच फिरतात.

वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं अंतर का दिसतं?

कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी विमानतळापासून. कुणी पृथ्वीला चेंडूसारखी गोल धरतं, कुणी ध्रुवांपाशी किंचित चपटी. यातून फार तर वीस-तीस किलोमीटरचा फरक पडतो आणि तो विसरून गेलात तरी चालेल. फरक त्याहून मोठा असेल तर समोरच्याने कॅनबेराऐवजी दुसरंच शहर धरलेलं असतं. दिल्ली–सिडनी सुमारे १०,४३० आणि दिल्ली–मेलबर्न सुमारे १०,२०० किलोमीटर आहे.

ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी नाही का?

नाही. हा गैरसमज फक्त आपल्याकडेच नाही, जगभर आहे. १९०१ मध्ये सहा वसाहती मिळून ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं, तेव्हा राजधानी सिडनी की मेलबर्न यावर दोन्ही शहरं हटून बसली होती. तोड निघाली ती थेट राज्यघटनेत. कलम १२५ सांगतं की राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्याच राज्यात असेल, पण सिडनीपासून किमान १०० मैल दूर असेल आणि ती तयार होईपर्यंत संसद मेलबर्नला भरेल. संसद २६ वर्षं मेलबर्नला भरत राहिली आणि ९ मे १९२७ रोजी कॅनबेरात आली.

आजच्या प्रवाशाच्या डोक्याला जो ताप होतो त्याचं मूळ या तडजोडीत आहे. राजधानी मुद्दाम मोठ्या शहरापासून लांब वसवली, आणि मोठी विमानं मोठ्या शहरांतच उतरत राहिली. कॅनबेराची लोकसंख्या पाच लाखांच्या आत आहे, तर सिडनी आणि मेलबर्न दोन्ही पन्नास लाखांच्या पलीकडे गेली आहेत. अडीचशे आसनांचं विमान रोज दिल्लीहून भरून आणायला कॅनबेरा पुरत नाही.

दिल्लीहून ऑस्ट्रेलियाला थेट जाणारं विमान कोणतं?

एअर इंडियाचं. ऑगस्ट २०१३ मध्ये बोइंग ७८७ ड्रीमलायनर घेऊन कंपनीने दिल्लीहून सिडनी आणि मेलबर्नची सेवा सुरू केली. दिल्ली–सिडनी उड्डाणाला साधारण बारा तास लागतात. या विमानाचा पल्ला १३,००० किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळे इंधनासाठी कुठे उतरावं लागत नाही. दक्षिण भारतातून जाणाऱ्यांसाठी क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरु–सिडनी सेवा सुरू केली. वेळापत्रकं दर मोसमात बदलतात, तेव्हा तिकिटाआधी कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

सिडनीहून कॅनबेराला कसं जायचं? दुसरं विमान घ्यावं का?

माझं मत विचाराल तर बस घ्या.

विमानाने सिडनी–कॅनबेरा अंतर फक्त २३५ किलोमीटर आहे आणि तिकिटावर वेळ लिहिलेला असतो ५५ मिनिटं. वाचायला छान वाटतं. पण परदेशातून आल्यावर ऑस्ट्रेलियातल्या पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन, सामान घेणं आणि कस्टम्स हे सगळं उरकावं लागतं. बॅगेवर कॅनबेराचा टॅग असला तरी ती पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा करावी लागते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय टर्मिनलवरून देशांतर्गत टर्मिनलला जायचं. ते धावपट्टीच्या पलीकडे आहे, चालत जाण्यासारखं नाही. बस किंवा ट्रेन धरावी लागते आणि तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी. म्हणून शहाणा माणूस मधे किमान तीन तास ठेवतो. ५५ मिनिटांच्या उड्डाणासाठी चार-साडेचार तास गेले की नाही?

बस सिडनी विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलपाशीच मिळते आणि साडेतीन तासांत कॅनबेराच्या मध्यात सोडते. रस्ता सुमारे २८५ किलोमीटरचा, हमरस्ता उत्तम. वाटेत गोलबर्न गाव लागतं. मेंढपाळीच्या या गावाने काँक्रीटचा १५ मीटर उंच मेंढा उभारून ठेवला आहे, तो दिसला की अर्ध्याहून जास्त रस्ता संपला असं समजायचं. पुढे जॉर्ज सरोवर येतं. ते कधी पाण्याने भरलेलं असतं, तर कधी त्यात गुरं चरताना दिसतात.

दिल्लीचं विमान उशिरा पोचलं तर पुढची बस धरता येते, चुकलेल्या विमानाचं तसं नसतं. मात्र दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील तर गोष्ट वेगळी. मग पुढच्या विमानाची सोय करणं ही कंपनीची जबाबदारी होते. लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील सोबत असतील, तर ही हमी असलेलं एकच तिकीट घ्या आणि बस विसरा.

ट्रेन आहे का?

आहे. सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवरून दिवसाला मोजक्याच गाड्या सुटतात आणि चार तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. बसपेक्षा हळू, पण डोंगरातून जाणारा मार्ग सुंदर आहे. घाई नसेल तरच.

सिडनीऐवजी मेलबर्नहून गेलं तर?

दिल्लीहून मेलबर्न थोडं जवळ आहे, पण तिथून कॅनबेरा रस्त्याने साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे. बसचा पर्याय दमवणारा आहे, विमानच घ्यावं लागतं, तासाभराचं. मेलबर्नला एक सोय आहे: आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत टर्मिनलं एकमेकांना लागून आहेत, सामान ढकलत चालत जाता येतं. विमान बदलूनच जायचं असेल तर मला सिडनीपेक्षा मेलबर्न बरं वाटतं.

सिंगापूरमार्गे जावं की दुबई-दोहामार्गे?

सिंगापूर, क्वालालंपूर किंवा बँकॉक. नकाशा पाहिलात तर दिल्ली–कॅनबेरा ही सरळ रेषा मलेशियावरूनच जाते. दिल्ली–सिंगापूर सुमारे ४,१५० किलोमीटर, सिंगापूर–कॅनबेरा सुमारे ६,२००. बेरीज थेट अंतराएवढीच भरते. वाकडी वाट जवळजवळ नाहीच.

दुबईमार्गे गेलात तर आधी २,२०० किलोमीटर उलट दिशेला, पश्चिमेला जायचं आणि मग तिथून सिडनीला १२,००० हून जास्त. थेट दिल्ली–सिडनीच्या तुलनेत जवळपास ३,८०० किलोमीटर जादा. साडेचार-पाच तास केवळ हवेत वाढतात. आखाती कंपन्यांचं तिकीट कधीकधी बरंच स्वस्त असतं, तेव्हा पैसे आणि पाठ यांतलं काय वाचवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण दर सारखाच असेल तर आखातातून जाण्याला काही अर्थ नाही.

सिंगापूरहून एकेकाळी थेट कॅनबेराला विमान होतं. सिंगापूर एअरलाइन्सने ते सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू केलं, तेच विमान सुरुवातीला पुढे न्यूझीलंडच्या वेलिंग्टनलाही जायचं, म्हणजे तीन राजधान्या एका माळेत. २०२० मध्ये करोनाने ते बंद पाडलं. आपल्याकडच्या लोकांसाठी राजधानी ते राजधानी जाण्याची ती सर्वांत सोयीची वाट होती.

मुंबई-पुण्याच्या माणसाने दिल्लीला जाऊन थेट विमान धरावं का?

धरू नये. मुंबई कॅनबेराला दिल्लीपेक्षा जवळ आहे, सुमारे १०,०५० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीचा जवळजवळ बरोब्बर पाव घेर. उत्तरेला दिल्लीपर्यंत साडेअकराशे किलोमीटर जाऊन पुन्हा दक्षिणेला यायचं, त्यापेक्षा मुंबईहून रात्रीचं सिंगापूरचं विमान घ्यावं. मुंबई–सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, साडेपाच तास. सिंगापूर–सिडनी ६,३००, पावणेआठ तासांच्या आसपास. मधला थांबा तीन तासांचा मिळाला तर सिडनी सोळा-सतरा तासांत गाठता येतं. नागपूरकरांना मात्र दिल्ली आणि मुंबई सारखीच पडते, त्यांनी तिकिटाचा दर पाहून ठरवावं.

विमान नेमकं कशावरून जातं?

मला या प्रवासातला सगळ्यात आवडणारा भाग हाच, म्हणून जरा सविस्तर.

दिल्लीहून कॅनबेराची दिशा आग्नेय. सर्वांत जवळची रेषा कानपूर आणि प्रयागराजच्या जवळून, झारखंडवरून ओडिशाच्या किनाऱ्यावर बालासोर-भद्रकच्या बाजूला समुद्रावर जाते. मग बंगालचा उपसागर, अंदमानच्या उत्तरेकडून म्यानमार-थायलंडची चिंचोळी पट्टी, मलेशिया. विषुववृत्त ओलांडलं की जावाचा समुद्र आणि लोंबोक बेट. पुढे तिमोरकडचा समुद्र पार करून ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला किंबर्लीच्या ओसाड किनाऱ्यावर जमीन लागते.

इथे बहुतेक प्रवासी फसतात. समोरच्या पडद्यावर ऑस्ट्रेलिया दिसला की लोक बुटात पाय घालायला लागतात. प्रत्यक्षात अजून तीन हजार किलोमीटर, म्हणजे साडेतीन तास बाकी असतात, आणि खाली नुसती लाल माती. कन्याकुमारीहून काश्मीर गाठण्याइतकं अंतर त्या एका देशावरूनच कापायचं असतं. दिवसाचं विमान असेल तर खिडकी सोडू नका.

प्रत्यक्ष मार्ग या रेषेला तंतोतंत धरून नसतो. वारे, हवाई वाहतूक नियंत्रण आणि वादळं पाहून तो दोन्ही बाजूंना सरकतो. इंडोनेशियात ज्वालामुखीची राख उसळली की वळसा घ्यावा लागतो. फ्लोरेस बेटावरच्या लेवोटोबीने २०२४ आणि २०२५ मध्ये बालीची अनेक उड्डाणं रद्द करायला लावली होती.

पाकिस्तानची हवाई हद्द बंद झाल्याचा या मार्गावर परिणाम होतो का?

नाही. एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमानांना बंद झाल्यावर दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या फेऱ्या लांबल्या, पण ऑस्ट्रेलियाचं विमान त्या दिशेला वळतच नाही.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पूर्वेला जायला जास्त वेळ लागायला हवा ना?

हवा आणि विमान दोन्ही पृथ्वीबरोबरच फिरत असतात, म्हणून पृथ्वीच्या फिरण्याने प्रवासाचा वेळ थेट वाढत किंवा कमी होत नाही. फरक पडतो तो वाऱ्याने. उत्तर भारतावर हिवाळ्यात आणि ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागावर त्यांच्या हिवाळ्यात, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतात. जाताना ते पाठीवर येतात, परतताना तोंडावर. म्हणून सिडनीहून दिल्लीला येताना साधारण अर्धा ते पाऊण तास जास्त लागतो. मधल्या विषुववृत्ताच्या पट्ट्यात हे झोत नसतात, त्यामुळे दिल्ली–अमेरिका मार्गावर दिसतो तेवढा मोठा फरक इथे पडत नाही.

पूर्वी किती वेळ लागायचा?

१९१९ मध्ये रॉस आणि कीथ स्मिथ हे बंधू दोन मेकॅनिकांसह व्हिकर्स व्हिमी विमानातून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाले. ३० दिवसांत पोचणाऱ्या ऑस्ट्रेलियन चमूला १०,००० पौंडांचं बक्षीस होतं. १२ नोव्हेंबरला लंडनजवळच्या हाउन्स्लोहून निघून कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता, रंगून असे थांबे घेत ते १० डिसेंबरला डार्विनला उतरले. एकट्या दिल्ली–डार्विनला दोन आठवड्यांच्या आसपास लागले. १९३५ मध्ये लंडन–ब्रिस्बेन प्रवासी सेवा सुरू झाली तेव्हा पूर्ण प्रवास साडेबारा दिवसांचा होता. १ डिसेंबर १९४७ ला क्वांटासचं कॉन्स्टेलेशन विमान सिडनीहून लंडनला निघालं ते डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची असं करत. त्याला चार दिवस लागत.

एअर इंडिया इंटरनॅशनल १९५६ मध्ये सिडनीला पोचली, वाटेत सिंगापूर आणि डार्विनला थांबत. सिंगापूर आजही वाटेतच आहे, डार्विन मात्र डावीकडे लांब राहून जातं.

या दोन राजधान्यांमध्ये काही नातं आहे का?

विमानाच्या वेळेशी याचा संबंध नाही, तरी हा प्रश्न टाळवत नाही. दोन्ही राजधान्या आखून वसवलेल्या आणि एकाच काळातल्या आहेत. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात झाली. कॅनबेराच्या आराखड्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धाही तेव्हाच चालू होती. १९१२ मध्ये ती अमेरिकन वास्तुविशारद वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांनी जिंकली, पत्नी मॅरियन महोनी ग्रिफिन यांनी काढलेल्या देखण्या चित्रांसह. कॅनबेराचं संसद भवन १९२७ मध्ये खुलं झालं, नवी दिल्लीचं उद्घाटन १९३१ मध्ये.

ग्रिफिन यांचं पुढे कॅनबेराच्या अधिकाऱ्यांशी बिनसलं. १९३५ मध्ये लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं काम मिळालं म्हणून ते भारतात आले आणि इथेच रमले. फेब्रुवारी १९३७ मध्ये लखनौच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला, दफनही तिथेच झालं. कॅनबेराच्या मधोमध असलेल्या तलावाला त्यांचं नाव आहे. दिल्लीहून निघालेलं विमान वर सांगितलेल्या रेषेवर राहिलं तर लखनौ डावीकडे ऐंशी-एक किलोमीटरवर राहतं.

प्रवास कधी करावा? उशिराची भीती कुठे असते?

डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी म्हणजे दिल्लीत पहाटेचं धुकं आणि ऑस्ट्रेलियात उन्हाळ्याची सुट्टी. तिकिटं महाग, विमानं भरलेली. फेब्रुवारी आणि जुलैत विद्यापीठांची सत्रं सुरू होतात, तेव्हा ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत निघालेल्या मुलांची गर्दी असते. जून-जुलैत कॅनबेरातही सकाळी दाट धुकं पडतं आणि सिडनीहून जाणारी पहिली विमानं रखडतात. बसवाल्यांना त्याचं काही नसतं. सिडनी विमानतळावर रात्री ११ ते सकाळी ६ उड्डाणबंदी असते, त्यामुळे पहाटे लवकर पोचलेल्या विमानालाही सहाच्या आधी सहसा उतरता येत नाही.

सामानात काय न्यायचं नाही?

हा प्रश्न वेळेच्या पानावर का, तर सिडनीत सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. ताजा कढीपत्ता, आंबे, कुठलीही फळं, पेढे-बर्फीसारखे खव्याचे पदार्थ घरीच ठेवा. लोणचं, मसाले, चकल्या नेत असाल तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर "खाद्यपदार्थ आहेत" यासमोर होकार लिहा. खरं लिहिलं तर फार तर एखादी पुडी काढून घेतात. लपवलं आणि कुत्र्याने हुंगलं तर दंड होतो, आणि बस चुकते ती वेगळी.

घड्याळ किती पुढे करायचं? घरी फोन कधी करावा?

कॅनबेराचं घड्याळ भारताच्या साडेचार तास पुढे असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथे घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेपाच तासांचा होतो. दिल्लीहून दुपारी दीडला निघून बारा तासांत सिडनीला पोचलात तर तिथे सकाळचे सहा वाजलेले असतील, उन्हाळ्यात सात. परतताना उलट. तिथल्या हिवाळ्यात सकाळी दहाला सिडनीहून निघालात तर त्याच दिवशी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास दिल्लीत उतरता.

फोनसाठी भारतातली दुपार सोयीची. इथे साडेतीन वाजले की तिथे रात्रीचे आठ किंवा नऊ झालेले असतात. इथली माणसं जेवणं आटोपून रात्री नऊला फोन लावतात, तेव्हा कॅनबेरात दीड-अडीच वाजलेले असतात.